यादी रिकामी करताना

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरची एक मुलगी माझ्याकडे जावा शिकायला येत असे. बीएस्सी आयटीचं दुसरं वर्ष. कॉलेज सुटलं की तासभर माझ्या क्लासमध्ये बसायची आणि पाच चाळीसची एसटी पकडायला पळायची. अबोल मुलगी. शंका आली तरी आधी स्वतःच दहा वेळा करून बघणार, मग विचारणार. एका दुपारी ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली आणि म्हणाली, "मॅडम, निम्मीच जातायत."

"कोण जातंय?"

"नावं. सगळी काढून टाकायची आहेत. दहा होती, पाच उरतात. दरवेळी पाचच."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि मनात म्हटलं, आली बाई तू पण. वीस-बावीस वर्षं मी महाडमध्ये हे शिकवते आहे. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला सी प्लस प्लस होतं तेव्हापासून. प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मूल इथे येऊन थांबतंच. यादीत नाव घालणं सगळ्यांना पहिल्या दिवशी जमतं. यादी रिकामी करणं जमत नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं त्याच्यावाचून कळणार नाही. प्रोग्रॅममध्ये पुष्कळ गोष्टी एकामागोमाग ठेवायच्या असल्या की दोन प्रकार असतात. एक साधा ॲरे. तो म्हणजे एसटीतल्या सीटा, गाडी बांधतानाच किती ते ठरलेलं. दुसरा प्रकार पंगतीसारखा. माणसं वाढली की पाट वाढवायचे. जावामध्ये त्याला ॲरेलिस्ट म्हणतात. आत खरं तर साधा ॲरेच असतो, पण तो भरला की जावा गुपचूप मोठा ॲरे घेते आणि सगळी माणसं उचलून तिकडे बसवते. सुरुवातीला दहा जागा, अकरावा आला की पंधरा, मग बावीस, मग तेहतीस. दरवेळी साधारण दीडपट. आपल्याला यातलं काही दिसत नाही. आपण नाव घालतो, ते जातं.

त्या मुलीने नावं काढायला लिहिलं होतं ते असं: शून्यापासून सुरुवात कर, त्या जागेवरचं नाव काढ, पुढच्या जागेवर जा, तिथलं काढ, यादी संपेपर्यंत. वाचायला अगदी बरोबर वाटतं. मलाही शिकताना बरोबर वाटलं होतं.

अशा वेळी मी फळा वापरत नाही. क्लासमधली सहा मुलं ओळीत उभी केली. म्हटलं, ही पोलादपूर स्टँडवरची रांग आणि मी कंडक्टर. कंडक्टरने पहिल्याला आत घेतलं. आता रांग काय करते? सगळे एकेक पाऊल पुढे. दुसरा पहिल्या जागी आला. पण कंडक्टर स्वतः सरकून दुसऱ्या जागेपाशी गेलाय. तिथे आता मूळचा तिसरा उभा आहे. त्याला आत घेतलं. पुन्हा सगळे पुढे, पुन्हा कंडक्टर पुढे. सहातले तीन गाडीत आणि तीन खाली, आणि कंडक्टर घंटी मारून मोकळा. त्याच्या हिशेबाने रांग संपली.

मुलं हसली. पोलादपूरची हसली नाही. ती खाली राहिलेल्या तिघांत होती.

"मग मागून काढायला पाहिजे," ती म्हणाली.

बरोबर. शेवटच्याला आधी काढलं तर कोणालाच सरकावं लागत नाही. पुढून काढायचं तर कंडक्टरने हलायचंच नाही, पहिल्या जागेवरच उभं राहून रांग संपेपर्यंत एकेकाला घेत राहायचं. तेही बरोबर आहे, पण महाग. प्रत्येक वेळी उरलेली सगळी रांग सरकते. यादीत एक लाख नावं असली तर एकूण सरकणं ४,९९,९९,५०,००० वेळा होतं. पाचशे कोटींना थोडं कमी. मागून काढलं तर एकदाही नाही.

तिसरा एक मार्ग मुलं हमखास शोधतात. "प्रत्येक नावासाठी" असा फेरा लावायचा आणि फेऱ्यातच ते नाव काढायचं. इथे जावा चिडते. मी यादीवर बोट ठेवून वाचत असताना तुम्ही यादी का बदलताय, अशा अर्थाची एक लांबलचक तक्रार करून प्रोग्रॅम थांबवते. ही तक्रार फार चांगली, मी तर म्हणते सगळ्या चुकांनी अशीच बोंब मारावी. पण गंमत अशी की यादीत दोनच नावं असली तर ती गप्प राहते. पहिलं नाव निघतं, यादीत एक उरतं, एक वाचूनही झालेलं असतं, म्हणजे संपलं असं समजून फेरा बाहेर पडतो. एक नाव आत, तक्रार नाही. आणि मुलं प्रोग्रॅम तपासतात ते दोनच नावं घालून! अमर आणि अकबर. अँथनीचाही कंटाळा.

या सगळ्यावर उपाय एका शब्दाचा आहे. क्लिअर. यादी, टिंब, क्लिअर, कंस. संपलं. मी तो शब्द शेवटी सांगते, आधी सांगत नाही. मुलं वैतागतात. "मॅडम, हे होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

आधी न सांगण्याचं एक कारण शिकवण्यातलं आहे. दुसरं मी कोणाला सांगत नसे.

*

माझं माहेर घाटावरचं. लग्न होऊन महाडला आले तेव्हा पहिल्याच जूनमध्ये सासूबाईंनी मला घर रिकामं करायला शिकवलं. महाड सावित्रीच्या काठावर आहे हे पुस्तकात वाचलेलं होतं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, महाडला तिला गांधारी मिळते, हेही. पण वर डोंगरात धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती अशी वेळ जुळली की नदीचं पाणी पुढे जायला जागा नसते आणि ते बाजारपेठेत येतं, हे मला सासूबाईंनी सांगितलं. इशारा पातळी सहा मीटर, धोका पातळी साडेसहा, हे आकडे आमच्याकडे न शिकलेल्या बाईलाही पाठ असतात.

"आधी काय वर न्यायचं?" मी विचारलं.

"देव," त्या म्हणाल्या. "मग कागद. रेशनकार्ड, घराची कागदं, पासबुकं. मग तांदूळ. कपडे शेवटी."

"आणि फ्रीज?"

"फ्रीज कोण नेणार गो? तो पाण्यात जायचाच."

त्यांचा एक नियम होता. वर नेलेली वस्तू माळ्यावर ठेवली, तिला हात लावून खात्री केली, की मगच खालच्या कपाटाचं दार उघडं टाकायचं. उघडं दार म्हणजे रिकामं. बंद दार म्हणजे आत अजून काहीतरी आहे. अंधारात, गुडघाभर पाण्यात, हाताने चाचपून सुद्धा कळतं. मला ते तेव्हा म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं.

२००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले, तेव्हा मी महाडमध्ये नवीनच होते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, तेव्हा माझ्या क्लासमधली दोन मुलं रोज त्याच पुलावरून यायची. त्या रात्री पुलावरून दोन एसट्या गेल्या होत्या. मुलं घरी होती. सकाळी त्यांचे आवाज फोनवर ऐकेपर्यंतचे दोन तास मला आठवतात, बाकी दिवस आठवत नाही.

आणि मग २२ जुलै २०२१.

त्या पुराबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी जास्त लिहीत नाही. आमच्या तळमजल्याच्या छताला दोन हात बाकी ठेवून पाणी थांबलं. क्लास तेव्हा तळमजल्यावर होता. लॅपटॉप तेवढा वर नेला होता, बाकी आठ मशीन गेली. वीज नाही, फोन नाही. पाणी उतरल्यावर जो चिखल राहतो त्याला चिखल म्हणू नये. तो तेलकट असतो आणि त्याला वास असतो, आणि तो फावड्याला सोडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाहेरून माणसं यायला लागली. पाणी, बिस्किटं, चादरी, मेणबत्त्या. इतकं आलं की नेमकं हवं ते सोडून सगळं होतं. नेमकं हवं होतं औषध. ब्लडप्रेशरच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या प्रत्येक घरात फ्रीजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी एका प्लास्टिकच्या डब्यात असतात, आणि ते डबे सगळे गेले होते. औषधांची दुकानंही पाण्यात. आमच्या भागातल्या काही मुलांनी ठरवलं, एका शाळेच्या वरच्या वर्गात बसायचं, लोकांकडून नाव, गल्ली आणि औषध लिहून घ्यायचं, संध्याकाळी ती यादी पुण्याच्या ओळखीच्या माणसांना पाठवायची, सकाळी गाडी येईल.

एक मुलगा वही घेऊन बसला होता. वही ओली. पेन उठत नव्हतं. मी म्हटलं, वही कशाला, लॅपटॉप आहे.

हे वाक्य माझं. आणखी कोणाचं नाही.

लॅपटॉपमध्ये एक्सेल होतं. त्यात एक नाव टाकायला दहा सेकंदं लागली असती आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मी प्रोग्रॅम शिकवणारी बाई. दुपारी जरा गर्दी ओसरली तशी मी अर्ध्या तासात जावामध्ये एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नाव विचारतो, गल्ली विचारतो, औषध विचारतो, यादीत घालतो. गल्लीप्रमाणे लावून दाखवतो. मुलं खूश झाली. शहरातून आलेल्या एका स्वयंसेवकाने तर फोटोच काढला. माझ्या आठ मशीनचा चिखल झालेला होता आणि त्या फोटोने मला इतकं बरं वाटलं की आत्ता लिहिताना लाज वाटते.

प्रोग्रॅममध्ये दोन याद्या होत्या. "आजची" आणि "आधीची". (जावामध्ये नावं देवनागरीत देता येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. फाइल युनिकोडमध्ये जतन केली की "यादी" हे नाव तिला तितकंच चालतं. मी मुद्दाम तसं शिकवते.) संध्याकाळी दिवस बंद करताना तीन गोष्टी करायच्या होत्या. आजची यादी आधीचीमध्ये ठेवायची. उद्यासाठी आजची रिकामी करायची. आणि आधीची फाइलमध्ये लिहायची. मी लिहिलं:

आधीची = आजची.

मग आजची, टिंब, क्लिअर.

मग आधीची फाइलमध्ये लिही.

ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. मला दोन नावं आहेत. एक माहेरचं, एक सासरचं. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं ते. बाई एकच. माहेरच्या नावाने जेवायला बोलावलं म्हणून सासरच्या नावाची उपाशी राहत नाही. जावामध्ये "आधीची = आजची" म्हटलं की यादीची प्रत होत नाही. त्याच एका यादीला दुसरं नाव मिळतं. मग एका नावाने हाक मारून तिला रिकामी केली की दुसऱ्या नावानेही ती रिकामीच असते. यादी एकच होती. मी ती पुसली आणि मग ती जतन केली.

पुसलेली यादी फाइलमध्ये व्यवस्थित गेली. शून्य ओळी. त्यानंतर प्रोग्रॅमने, मी लिहून ठेवल्याप्रमाणे, "यादी जतन झाली" असं छापलं. किती नावं जतन झाली ते छापायचं मला सुचलं नव्हतं. बॅटरी वाचवायची म्हणून मी लगेच लॅपटॉप मिटला. फोनला रेंज मिळेल तिथे जाऊन फाइल पाठवायचं काम एका मुलाकडे होतं. त्यानेही उघडून बघितली नाही. त्याने का बघावी? मॅडमने दिलेली.

सकाळी पुण्याहून फोन लागला. "ताई, फाइलमध्ये काहीच नाहीये."

एकसष्ट नावं होती. तो आकडा मला ठाऊक आहे कारण संध्याकाळी गल्लीप्रमाणे लावून दाखवताना खाली एकूण दिसलं होतं.

आम्ही तिघं बसून आठवायला लागलो. माणसांचं आठवणं विचित्र असतं. नावं आठवेनात, औषधं आठवत होती. काकरतळ्याकडचे कोणीतरी, दोन वेळा इन्सुलिन. तांबट आळीतल्या बाई, फिटच्या गोळ्या, मुलाच्या. असं करत पस्तीसेक झाली. मग चिखलातून गल्लोगल्ली फिरलो. "काल तुम्ही औषधाचं नाव दिलं होतंत का?" असं दारादारात विचारायचं. लोक घरातला गाळ काढत होते. काहींनी म्हटलं, दिलं होतं ना, किती वेळा देऊ. एकाने काही न बोलता पुन्हा सगळं सांगितलं, त्याचं जास्त लागलं. दुपारपर्यंत छप्पन्न झाली. गाडी त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली. एक दिवस गेला. पाच माणसं राहिली.

त्यातल्या एक आजी तिसऱ्या दिवशी स्वतः वर्गात आल्या. काठी टेकत, जिना चढून. काचबिंदूचे थेंब हवे होते. डॉक्टरांनी एक दिवसही चुकवायचे नाहीत म्हणून सांगितलेले. म्हणाल्या, "बाय, माझं नाव मागे पडलं का गो? मी त्या दिवशी तुझ्यापाशीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "आजी, गाडीच आली नाही हो."

"असू दे," त्या म्हणाल्या. "रस्ते बंद आहेत, त्यांनी तरी काय करायचं."

त्यांना थेंब त्याच संध्याकाळी एका मुलाने माणगावहून आणून दिले. डोळ्यांना त्या दिवसांनी काही झालं की नाही मला सांगता येणार नाही. नंतर दोन-तीनदा बाजारात दिसल्या, मला ओळखून हसल्या. दरवेळी वाटलं, सांगावं. पण काय सांगणार? दोन नावं, एक यादी, संदर्भ आणि प्रत यातला फरक? त्यांनी "असू दे"च म्हटलं असतं. ते मला नको होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या.

*

त्याच दिवसांत त्या वर्गात तळियेची बातमी आली. तळिये महाड तालुक्यातलंच. २२ तारखेलाच संध्याकाळी डोंगराचा कडा वाडीवर आला होता, पण रस्ते आणि फोन बंद असल्याने आम्हाला शहरात नीट कळेपर्यंत वेळ गेला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथे दोन याद्या होत्या. सापडलेल्यांची आणि बेपत्ता असलेल्यांची. एक एक देह मिळत होता तसं एकेक नाव या यादीतून त्या यादीत जात होतं.

मग काही दिवसांनी शोध थांबवला. गाळ इतका होता आणि इतके दिवस झाले होते की गावकऱ्यांनीच आता पुरे म्हटलं, आणि जे मिळाले नव्हते त्यांना मृत घोषित केलं. एरवी कायदा सात वर्षं थांबायला सांगतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं १०८वं कलम, सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरता येतं. इथे तसं थांबून चालणार नव्हतं. मागे राहिलेल्यांना मदत हवी होती, घर हवं होतं, आणि त्यासाठी दाखला लागतो.

बेपत्तांची यादी एका दिवसात रिकामी झाली. मी ते पेपरात वाचलं तेव्हा माझ्या एकसष्ट नावांना आठवडाही झाला नव्हता. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही हे मला कळतं. तरी वाचताना माझी नजर क्रमावर गेली, धंद्याची खोड. आधी नाव दुसऱ्या यादीत लिहिलं गेलं. मगच पहिलीतून काढलं.

*

तर पोलादपूरची मुलगी. तिला क्लिअर सांगितलं, पाच नावांचा प्रश्न सुटला, बाकीची मुलं आपापल्या मशीनकडे गेली. ती मात्र उठली नाही.

"मॅडम, क्लिअर केल्यावर मेमरी परत मिळते का?"

हा प्रश्न वर्षाकाठी एखादं मूल विचारतं आणि मला फार आवडतो. म्हटलं, पंगत उठल्यावर काय होतं? माणसं जातात, पत्रावळी उचलतात. पाट? पाट तिथेच. दुसरी पंगत बसायची असते. क्लिअर तसं आहे. जावा प्रत्येक जागेवरची पत्रावळ उचलते, म्हणजे तिथे होतं त्याचा पत्ता पुसते, मोजणी शून्य करते. पण जागा तेवढ्याच राहतात. लाख नावं घालून यादी रिकामी केलीस तर मोजणी शून्य, आणि लाखाच्या वर पाट मांडलेले. ते आवरायचे तर वेगळं सांगावं लागतं. सी प्लस प्लसमध्येही हेच, तिथल्या व्हेक्टरचं क्लिअर सुद्धा पाट उचलत नाही.

"आणि पत्रावळ नाही उचलली, नुसती मोजणी शून्य केली तर?"

मी तिच्याकडे बघितलं. ही मुलगी लोणेऱ्याच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला असायला हवी होती, घरच्यांनी एवढ्या लांब नको म्हटलं म्हणून इथे होती. म्हटलं, तर त्या वस्तू मेमरीत अडकून राहतील. यादी म्हणेल माझ्याकडे काही नाही. पण तिने हात सोडलेला नसेल. जावाचा झाडूवाला येऊन बघेल, कोणीतरी धरलंय म्हणेल, आणि पुढे जाईल.

"मग क्लिअर करण्यापेक्षा सरळ नवी यादीच का घ्यायची नाही?"

आणि तिथे मी अडले. याचं उत्तर मी शेकडो वेळा दिलंय. जुन्या यादीला दुसरीकडून कोणी धरलं असेल आणि त्यालाही ती रिकामी दिसायला हवी असेल तर क्लिअर. त्याच्याकडची तशीच राहायला हवी असेल तर नवी. दोन वाक्यांत होतं. पण त्या दिवशी बाहेर पाऊस होता, जुलैचा, आणि क्लास आता पहिल्या मजल्यावर असला तरी खिडकीतून खाली बाजारपेठ दिसते, दुकानदार पोती वर चढवत होते. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि तिला ते सगळं सांगितलं. वही, लॅपटॉप, फोटो, तीन ओळी, एकसष्ट, पाच, आजी. आजींना मी काय सांगितलं तेही. घरातही मी ते पूर्ण सांगितलेलं नाही. घरी सगळ्यांना वाटतं फाइल खराब झाली होती.

ती ऐकत होती. मध्ये एकदाही काही बोलली नाही. कीबोर्डवरचे हात तिने मांडीवर घेतले होते.

संपल्यावर म्हणाली, "आमच्याकडे पण आली होती औषधं. दादाच्या गोळ्या. कुठून आली माहीत नाही."

"पोलादपूरला आमची नव्हती गेली," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. मग स्क्रीनकडे वळली. तिने माझ्या त्याच तीन ओळी लिहिल्या, मी सांगितल्या तशा, आधीची आणि आजची. दहा नावं घातली. पण क्लिअरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन ओळी तिने घातल्या, दोन्ही याद्यांची मोजणी छापायच्या. चालवलं.

दहा, दहा.

शून्य, शून्य.

तिने पहिली ओळ खोडली. तिथे आधीची म्हणजे एक नवी ॲरेलिस्ट, आजचीवरून भरलेली, असं लिहिलं. पुन्हा चालवलं.

दहा, दहा.

दहा, शून्य.

"यातली माणसं मात्र तीच आहेत ना?" तिने विचारलं. "यादी दुसरी झाली, पण आतलं प्रत्येक नाव तेच. एकाचा पत्ता बदलला तर..."

"नाव म्हणून नुसती अक्षरं ठेवलीस तर काही होत नाही, ती बदलत नाहीत. पण माणसाची वस्तू केलीस, आत गल्ली-औषध सगळं, तर दोन्हीकडे बदलेल. ते उद्या करू."

पाच तीस झाले होते. ती दप्तर आवरायला लागली. मग थांबली, परत बसली, आणि यादीत अकरावं नाव घातलं. देवनागरीत लिहिलं होतं. आजी. पुढे गल्लीच्या जागी काही नाही, औषधाच्या जागी थेंब.

"जतन करू?"

"मोजणी छाप आधी," मी म्हटलं.

अकरा आले. तिने फाइल जतन केली, बंद केली, आणि पुन्हा उघडून बघितली. मग छत्री घेऊन जिना उतरली. पाच चाळीसची एसटी त्या दिवशी उशिरानेच सुटली, वर घाटात पाऊस होता.